बारा नंबरचा ताबा

— नाय नाय, खुर्ची कशाला, मी खालीच बसतो, सतरंजी हाय की. अन् वहिनी, च्या टाकायचाच असला तर साखर कमी — नाय, पिशवी राहू द्या, पिशवी माझ्याजवळच बरी — मी काय लई वेळ बसणार नाय. आलो कशाला? पेढा खायला आलो. परवा विद्यापीठाचं नामांतर झालं, तुमच्या गल्लीत निळे झेंडे, कागदाच्या माळा, मला वाटलं आपल्या मोतीरामच्या घरचा पेढा खाल्लाच पाहिजे. सोळा वर्षं तुम्ही झगडलात, काय थोडं हाय का? ... असं बघू नको रे मोतीराम. बरं, पेढ्यासाठी नाय आलो. पंधरा वर्षांत ज्यानं तुझा उंबरा पाह्यला नाय, तो सूर्यभान रविवारी भर दुपारी चिकलठाण्याहून क्रांती चौक अन् तिथून भीमनगर, दोन रिक्षा बदलून पेढ्यासाठी येतोय, हे माझं मलाच पटेना, तुला कुठून पटणार? रिक्षावाल्याला बी पटलं नाय. वाटंभर माझ्याकडं आरशातून बघत व्हता.

काम हाय. तुझ्याकडं काम हाय माझं. आता हे सांगायला बी तोंड पाहिजे, पण तोंडाची मला कधी कमी पडली नाय — लेथवर आपण शेजारी-शेजारी उभं राहायचो तवा मशिनीपेक्षा माझाच आवाज जास्त, फोरमन म्हणायचा, सूर्यभान, तेल तुला घालू का मशिनीला? — तर काम असं की मला घरातनं काढायलेत. व्हय, मला. हस की, हसायचं असलं तर. सोसायटीनं नोटीस दिली, सभा घेतली, माझं सभासदत्व रद्द केलं. चाळीस जणांतले एकतीस हात वर गेले, मी मोजले, मला सवय हाय मोजायची, दहा वर्षं सेक्रेटरी व्हतो — एकतीस! निवडणुकीला उभा राह्यलो तवा बी मला एवढे हात कधी मिळाले नाय. अन् त्यातले वीस-बावीस हात तर तेच, जुने, ओळखीचे — ते राहू दे, ते पुढं सांगतो. उद्या अकराला रजिस्ट्रारसमोर तारीख हाय. त्यानं ठरावाला मंजुरी दिली की मी, बायको अन् ऐंशी वर्षांची आई, तिघं रस्त्यावर.

गुन्हा काय? मेंढ्या. दोन मेंढ्या, मोतीराम! म्हातारा गेल्यावर आईला आणायला बिडकीनकडल्या आमच्या वाडीवर गेलो, तर आई, बानाबाई, म्हणली येते, पण ह्या दोघी बी येतील, ह्यांना मागं कोण बघणार? जलमभर मेंढरांमागं फिरलेली बाई, तिला काय सांगणार? म्हणलं चला. टेम्पोत पुढं आई, मागं त्या दोघी, अन् त्यांना धरून मी, नवी कोरी सफारी घालून, कारण सोसायटीत शिरताना लोकांनी बघावं असं मला वाटत व्हतं. बघितलं लोकांनी. आता ती सकाळपासून ओट्यावर बसून लोकर कातते, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, कोणत्या गावचा रं, तुझी माय कोणाची? — अन् त्या दोघी तवर नानासाहेबांच्या गुलाबात. नानासाहेब म्हणजे आत्ताचे चेअरमन, साहेब माणूस, तू कंपनी सोडल्यावर आले. पहिल्यांदा गुलाब खाल्ले तवा माफी मी मागितली. दुसऱ्यांदा बायकोनं मागितली. तिसऱ्यांदा आईला पाठवलं, तर ती त्यांनाच शिकवून आली — गुलाब वरून खुडला की जोमानं फुटतो, मेंढ्यांनी तुमचं काम केलं, वर लेंड्याचं खत दिलं. मग नोटीस आली.

अन् नोटीस काय सुंदर! "आपले व आपल्या कुटुंबीयांचे राहणीमान सोसायटीच्या वातावरणाशी सुसंगत नसल्याने आपले सभासदत्व रद्द का करण्यात येऊ नये." फाटकाशी उभ्या-उभ्या वाचली अन् आईशप्पथ, मला राग आलाच नाय, पहिलं काय वाटलं ठाऊक हाय? भाषा काय झकास हाय! कोण लिहायला लागलं आपल्या सोसायटीत असं? कुठं मेंढीचं नाव नाय, लेंडीचं नाय, धनगराचं नाय, कुणाला बोट ठेवायला जागा नाय, अन् माणूस बरोबर बाहेर. कौतुक करत-करत घरात आलो, तांब्या तोंडाला लावला, अन् तसाच खाली ठेवला. ... तू ओळखलंस. तुला पाठ असंल ते वाक्य. मला वाटलं तू विसरला असशील — नाय, मला तसं कधीच वाटलं नाय, मी आपलं काय बी बोलायलो. वाक्य माझं हाय. अठ्ठ्याहत्तर सालचं. त्यांनी सभेचं जुनं पुस्तक काढलं, माझ्याच अक्षरातलं, अन् जसंच्या तसं उतरवून घेतलं. फक्त मोतीरामच्या जागी सूर्यभान घातलं.

आता त्या सभेचं तुला कुणी खरं सांगितलं नसंल, तर ऐक. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली व्हती, तुला बारा नंबर निघाला, कोपऱ्यावरचा, दोन्हीकडून वारा. चिठ्ठी मीच उघडली व्हती, मीच ओरडलो व्हतो, मोतीराम, लेका, बारा! पाया खोदायच्या आधी तू तिथं निंबाचं रोप लावलंस, जेवणाच्या सुट्टीत सायकलवर जाऊन पाणी घालायचास, अन् मी हसायचो की घराच्या आधी सावली बांधायला निघालाय. मग विधानसभेत ते नामांतर मंजूर झालं अन् मराठवाडा पेटला. तुमच्या गावाकडं तुमची घरं जाळली, तू वडलांना, अप्पारावबाबांना, अन् आईला आणायला रजा टाकून गेलास, अन् तू तिकडं असताना आम्ही इकडं सभा घेतली. त्रिंबकराव चेअरमन, गेले बिचारे, ते म्हणले, असं काहीतरी लिहा की जात दिसायला नको, पण अर्थ पोचला पाहिजे. कुणी छताकडं बघतोय, कुणी नखं कुरतडतोय. कुणाला काय सुचेना, अन् सुचलं कुणाला? मला! दहावी नापास माणूस, 'सुसंगत' शब्द माझ्या तोंडात कुठून आला देव जाणे. हात वर गेले, त्यातलेच वीस-बावीस आता माझ्यासाठी बी वर गेले. त्रिंबकरावांनी पाठीवर थाप मारली, म्हणले, सूर्यभान, तू तर वकील व्हायला पाहिजे व्हतास. अन् मला लई भारी वाटलं, मोतीराम, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन बायकोला ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. जलमात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मराठीचं कौतुक केलं व्हतं.

अन् तू मला कधी एक गोष्ट विचारली नाहीस. सभासद त्रेचाळीस, घरं चाळीस, तिघं वेटिंगला. बरं, वेटिंगला पहिलं नाव कुणाचं? ठाऊक हाय तुला. सगळ्या कंपनीला ठाऊक व्हतं. सेक्रेटरी साहेब, पोटनियमांचं पुस्तक काखेत घेऊन फिरणारे, अन् स्वतःचं बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत! तुझं नाव खोडलं की बारा नंबर आपसूक माझ्याकडं. अजून बी कुणी विचारलं तर मी सांगतो, नंबर लागला म्हणून मिळालं. नंबरच लागला की. ... नाय, हे सांगायला नव्हतो आलो मी. हे कुठून निघालं? वहिनी, च्या झकास झालाय हो. साखर बरोबर.

तो फोटो अप्पारावबाबांचा ना? बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारचा. हार हाय म्हणजे... कधी? ... ब्याऐंशीला? मला कुणी सांगितलंच नाय. कोण सांगणार म्हणा. इथंच, ह्याच खोलीत? गावाकडून आणलेस तवापासून इथंच व्हते? अन् आई बी? ... मला वाटलं तू कुठंतरी मोठी जागा घेतली असशील. वाळूजला नव्या कंपन्या आल्या तवा तू तिकडं गेलास, मी म्हणलं, चला, मोतीरामचं भलं झालं. असं म्हणलं की मला झोप चांगली लागायची.

बरं, कामाचं बोलतो. वकील केलाय. तो म्हणतो घाबरू नका, सोसायटी म्हणजे काय निजाम नाय. सभासदाला काढायचं तर कायदा हाय — लेखी नोटीस पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, सभेत चारातल्या तिघांचे हात पाहिजेत, अन् एवढं झालं तरी रजिस्ट्रारची मंजुरी पाहिजेच. अन् कारण बी दमदार पाहिजे, सोसायटीचं काही नुकसान केलेलं असलं पाहिजे, नुसतं कुणाचं राहणं डोळ्यात खुपतं हे कारण नव्हं. मी आपला मान हलवायलो, जसं काय पहिल्यांदाच ऐकायलो. दहा वर्षं सेक्रेटरी! हे सगळे हक्क मला तोंडपाठ व्हते, मोतीराम, अन् हे सगळे तुला बी व्हते. तुझं कुणी म्हणणं ऐकलं? तुला नोटीस दिली ती बी तू गावाकडं असताना, तुझ्या त्या निंबाच्या रोपाला बांधून. वर शेरा मारला, 'नोटीस जागेवर बजावली.' बांधली कुणी? मीच. सुतळीनं. लई घट्ट आवळली तर रोप मोडल म्हणून जरा सैल बांधली, तेवढी दया आली मला.

तर वकील पुढं म्हणला, तुमच्या सोसायटीत असलंच प्रकरण आधी कधी झालंय का? त्याचा निकाल असला तर उद्या साहेबांसमोर ठेवू, काम फत्ते. म्हणलं, हाय एक. म्हणला, जुनी नक्कल काढायची तर महिना-दीड महिना जाईल, कुणाकडं मूळ कागद हाय का? तिथं माझं तोंड बंद झालं. माझं तोंड! वकील घाबरला, पाणी आणू का म्हणला.

कारण तू रजिस्ट्रारकडं तक्रार केलीस, त्याचा निकाल लागला, मोतीराम. एकोणऐंशीतच लागला. ... थांब, आधी सगळं ऐकून घे. दोन लिफाफे आले, एक सोसायटीच्या नावानं, एक तुझ्या. तू तक्रारीत पत्ता दिला व्हतास बारा नंबरचा, तुला वाटलं निकाल लागेपर्यंत तू राहायलाच आलेला असशील. अन् तवा बारा नंबरात कोण राहत व्हतं? पोस्टमन बरोबर माझ्याच दारात आला, मोतीराम अप्पाराव कोण म्हणला. म्हणलं, द्या इकडं, मी देतो त्यांना. सही माझी. सोसायटीचा लिफाफा त्रिंबकरावांनी वाचला, "ठराव उडाला, राहणीमान हे कारण धरता येत नाय म्हणतात," एवढंच बोलले अन् कागद कंपनीच्या भट्टीत टाकला. तुझा माझ्याकडं राह्यला. मी तो फाडला नाय, जाळला नाय. दुसऱ्याच्या नावाचं टपाल फाडणं गुन्हा हाय, असं मी मनाला सांगितलं. ठेवून घेणं म्हणजे जसं काय लई पुण्याचं काम.

मग तू कँटीनमधी आलास. रजिस्ट्रारच्या ऑफिसात दोनदा जाऊन आलेला, त्यांनी सांगितलेलं, पोस्टानं गेलाय. भाकरीचं फडकं सोडायच्या आधी तू मला म्हणलास — तू, देव सोडलेला माणूस, माझ्या देवावर भरवसा ठेवून म्हणलास — "सूर्यभान, भंडारा हातात घेतल्यावर तू खोटं बोलणार नाय. सांग, माझा कागद आला का?" अन् माझ्या खिशात जेजुरीची पुडी असतीच. काढली, हळद तळहातावर घेतली. नाय आला म्हणलं असतं तर खंडोबानं सोडलं नसतं. आला म्हणलं असतं तर घर गेलं असतं. मग काय केलं ह्या शहाण्यानं? भंडारा कपाळाला लावला अन् म्हणला, "खंडोबाची आण, मी तुझा कागद वाचलेला नाय." वाचलेला नव्हताच की! लिफाफा बंद व्हता! केवढी हुशारी, आं? देवाला बी फसवलं अन् मित्राला बी. तू म्हणलास, बरं, मग पोस्टात गहाळ झाला असंल. अन् तुझ्यातली अर्धी भाकरी मोडून मला दिलीस, ठेच्यासंगट. मी खाल्ली. तिखट लागली म्हणून डोळ्यात पाणी आलं, असं म्हणलो.

तवापासून मी तो लिफाफा उघडू शकलो नाय. उघडून वाचला की आण मोडली! पंधरा वर्षं ट्रंकेत, भंडाऱ्याच्या डबीखाली, हळद सांडून-सांडून पिवळाधम्मक झाला. चोरी पचली, पण आण मोडायची नाय, अशी आमची इमानदारी. आज सकाळी बायको म्हणली, किटलीच्या वाफेवर धरा, चिकटलेलं सुटल, वकील वाचल, तुम्ही तवर डोळे मिटा. मला पटलं. मी किटली ठेवली बी! तेवढ्यात आई आत आली, म्हणली, काय करायलास? आता तिच्यासमोर माझं सुसंगत-बिसंगत काय चालत नाय. सांगितलं सगळं. पहिल्यापासून. तिनं स्टोव्ह बंद केला अन् म्हणली, "म्हणजे मी दोन वर्षं त्या माणसाच्या ओट्यावर बसायले?" अन् बाहेर जाऊन मेंढ्यांजवळ जमिनीवर बसली. अजून तिथंच असंल. ओट्यावर बसना झाली.

हा घे. हळद झटक, बोटाला लागल. तुझ्या नावाचा हाय, तूच उघड. फक्त राहणीमानाचा मजकूर असंल तेवढा मला वाचून दाखव — तू वाचलास अन् मी नुसता ऐकला तर आण मोडत नाय, ते मी रिक्षात पक्कं करून आलोय — अन् उद्याच्यापुरता कागद दे, मंगळवारी माझ्या हातानं आणून देतो. वहिनी, ह्यांचा चष्मा. ... हां. सावकाश, कडा तुटायल्यात. ... "सदर ठराव बेकायदेशीर" — बघ! म्हणलं नव्हतं? ... "राहणीमान हे कारण कायद्यात बसत नाही" — व्हय, हेच, हेच पाहिजे व्हतं! उद्या नानासाहेबांचं तोंड बघण्यासारखं व्हणार. बास, बास झालं एवढं. मागल्या पानावर काय असणार, तारीख अन् शिक्का. ... वाचतोस? वाच की. मला काय.

काय म्हणलास? ... परत वाच. ... "बारा नंबरच्या घराचा ताबा अर्जदारास तीस दिवसांच्या आत..."

मला ठाऊक नव्हतं, मोतीराम. खंडोबाची — नाय. आण घेत नाय. ठाऊक व्हतं. वाचलं नव्हतं, एवढंच.

बोल की. शिव्या घाल, गचांडी धर, मी येतानाच तयारी करून आलोय, शर्ट बी जुना घातलाय. ... काय? निंब? निंबाचं विचारतोस? ... हाय की. लई मोठा झालाय, गच्चीच्या वर गेलाय. खालचा पाला मेंढ्यांनी ठेवला नाय, पण वर दाट हाय. उन्हाळ्यात सगळी गल्ली त्याच्याखाली बसते. नानासाहेब बी.

घडी घातलीस? ... खिशात? व्हय. राहू दे. तुझाच हाय. मी मागत नाय आता. उद्या वकिलाला सांगतो, कागद ज्याचा व्हता त्याला पोचला. तारीख अकराला हाय, तू ये, नायतर नको येऊ, आलास तर कुठल्या बाजूला बसायचं ते मला सांगू नको. ... नाय वहिनी, पेढा नको. माझ्यानं गिळवणार नाय. ... आईसाठी? तिचं नाव कशाला... बरं. द्या. कागदात बांधून द्या.

दार उघडंच हाय, दिसलं मला. येतो मोतीराम. — नाय, येतो कुठल्या तोंडानं म्हणू. जातो.